पोट आधी जातं : माशांच्या अन्नमार्गाच्या स्लाइड, प्रकल्प नोंदी

१३ ऑगस्ट

विषय आज नक्की झाला. तीन मासे घ्यायचे, घशापासून गुदद्वारापर्यंतच्या अन्नमार्गाचे तुकडे करायचे, स्लाइड बनवायच्या आणि खाण्याप्रमाणे आतलं अस्तर कसं बदलतं ते पाहायचं. बोंबील हा शिकारी. बोय चिखल चाळून त्यातलं शेवाळ आणि कुजकं खाणारा. तिसरा चिलापी, म्हणजे तिलापिया. तो मिळेल ते खातो, पण मुख्य भर शेवाळावर. मॅडमनी बांगडाही सुचवला, सरावासाठी. तो कुठेही मिळतो आणि वाया गेला तरी हळहळ वाटणार नाही असं त्यांचं म्हणणं.

मी वेसाव्याची, मुंबईतल्या कोळीवाड्यातली. मासे कापत मोठी झाले. बोंबलाचं पोट मी हजारदा अंगठ्याने काढून टाकलं असेल. त्या टाकून दिलेल्या भागात काय आहे ते एकदा नीट बघायचं होतं, म्हणून हा विषय मागून घेतला.

१६ ऑगस्ट

बुइनचं द्रावण केलं, ऊती खराब न होता आहे तशी टिकवायला. पिक्रिक आम्लाचं संपृक्त द्रावण ७५ मि.लि., फॉर्मॅलिन २५ मि.लि., ग्लेशियल असेटिक आम्ल ५ मि.लि. पॉल बुइन या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये दिलेलं हे प्रमाण अजून तसंच चालतं. तिघांची कामं वेगळी आहेत. फॉर्मॅलिन प्रथिनांना एकमेकांशी जखडतं, पिक्रिक आम्ल त्यांना साकळवतं आणि पुढे रंग चांगला धरायला मदत करतं, तर असेटिक आम्ल केंद्रकं ठसठशीत ठेवतं आणि बाकीच्यांमुळे येणारं आकसणं थोडं भरून काढतं.

प्रयोगशाळेतल्या काकांनी पिक्रिक आम्लाची बाटली माझ्या हातात देण्याआधी झाकणाच्या आट्यांत कोरडी पूड साठली नाही ना ते तपासलं. कोरडं झालं की ते स्फोटक, म्हणून बाटलीत कायम पाण्याखाली ठेवायचं. बोटं पिवळी झाली आहेत, दोन दिवस तरी जाणार नाहीत.

२१ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा परवा झाली. होड्या महिन्याच्या सुरुवातीपासूनच बाहेर पडताहेत, ३१ जुलैला पावसाळी मासेमारीबंदी संपली तेव्हापासून. सकाळी आईच्या पाटीतले चार बांगडे घेतले. कल्ले लालभडक, डोळे टपोरे, अंग ताठ. याहून ताजा बांगडा बाजारात मिळत नाही, हे मी आईची मुलगी म्हणून सांगू शकते.

साडेनऊला प्रयोगशाळेत पोट उघडलं. जठर, जठराच्या टोकाशी पायलोरिक सीकांचा दाट झुबका (बोटांसारख्या बंद नळ्या, पचनाचं क्षेत्रफळ वाढवणाऱ्या), पुढे आतडं. प्रत्येकाचे अर्ध्या सेंटिमीटरचे तुकडे बुइनमध्ये. २४ तास.

२४ ऑगस्ट

७० टक्के अल्कोहोलमध्ये तुकडे धुतेय, पिवळा रंग निघता निघत नाही. मग पाणी काढायला ९०, मग शुद्ध अल्कोहोल, मग अल्कोहोल काढून पॅराफिनला वाट करणारं झायलीन. झायलीनमध्ये टाकल्याबरोबर पांढरे ढग! तुकड्यात पाणी शिल्लक असलं की झायलीन दुधाळ होतं. पुन्हा मागे, अल्कोहोलमध्ये.

चूक माझ्या वेळेची नव्हती, बाटलीची होती. ऑगस्टमध्ये मुंबईच्या हवेत शुद्ध अल्कोहोल उघडं राहिलं की ते हवेतलं पाणी पितं. काकांनी बाटलीच्या तळाशी निर्जल मोरचूद टाकला. निर्जल असताना तो पांढरा असतो, पाणी मिळालं की निळा होतो. दहा मिनिटांत निळसर झाला. नवी बाटली फोडली.

३० ऑगस्ट

पहिल्या स्लाइड तयार. तुकडे पॅराफिन मेणाच्या ठोकळ्यात (ब्लॉक) बसवून कापलेले पाच मायक्रॉनचे छेद (ते एकमेकांना चिकटून रिबनसारखे निघतात), हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन. हिमॅटॉक्सिलिनने केंद्रकं निळी होतात, इओसिनने बाकी सगळं गुलाबी.

स्नायू सुरेख दिसले. आतला थर गोल वळसा घालणारा, बाहेरचा लांबीच्या दिशेने जाणारा, मध्ये चेतापेशींचे छोटे पुंजके. बाहेरची पातळ सिरोसा (सगळ्यात बाहेरचं आवरण) अखंड. आणि आत, जिथे मुख्य गोष्ट असायला हवी तिथे, काहीच नाही. आतड्याच्या घड्यांचे नुसते सांगाडे उभे आहेत, संयोजी (आधार देणाऱ्या) ऊतीचे, बोडके. अस्तराच्या पेशी पोकळीत तुटक पट्ट्यांनी तरंगताहेत. केंद्रकं फिकी, कडा विरघळलेल्या. सीकांमध्ये तर गुलाबी गाळाशिवाय काही नाही.

चारही बांगड्यांच्या सगळ्या स्लाइड अशाच. ब्लेड बोथट होती, पॅराफिन जास्त तापलं, पाण्यावर रिबन जास्त ताणली गेली, सगळं मनात येऊन गेलं. मॅडमनी एकदा डोळा लावला आणि एकच विचारलं, "मासा मेला कधी?"

मला सांगता आलं नाही.

त्यांनी मग बसून समजावलं. आतडं हा भाग जिवंतपणी स्वतःपासूनच स्वतःला वाचवत असतो. पोकळीत पेप्सिन, ट्रिप्सिन असे प्रथिनं तोडणारे विकर (एन्झाइम) आहेत. पेशींवर श्लेष्माचा (बुळबुळीत, चिकट द्रवाचा) थर आहे, झिजलेल्या पेशींच्या जागी सतत नव्या येतात, रक्त प्राणवायू आणून देतं. मासा मेला की हे संरक्षण थांबतं, विकर मात्र थांबत नाहीत. शिवाय पेशींच्या आतले लायसोसोम, म्हणजे विकरांच्या पिशव्या, फुटतात. मासा स्वतःचं आतडं पचवायला लागतो. याला ऑटोलायसिस म्हणतात. तापमान जितकं जास्त तितकं ते वेगाने होतं. स्नायूला तास लागतात, अस्तराला मिनिटं पुरतात.

म्हणजे आईच्या पाटीतला 'ताजा' आणि माझ्या स्लाइडवरचा 'ताजा' हे दोन वेगळे शब्द आहेत.

१ सप्टेंबर

रात्री आईला सांगितलं. मला वाटलं होतं तिला वाईट वाटेल, तिच्या मालाबद्दल बोलतेय असं वाटेल. ती कोयत्याला धार लावत होती, मान वर न करता म्हणाली, "पोट पयलं जातं गो. कल्ले मागना जातान."

मग बोलत राहिली. जवळा खाल्लेला मासा टिकत नाही. मांदेली, तारली, बांगडा पोटभर खाऊन जाळ्यात आला असेल तर दुपारपर्यंत पोट फुटतं, बाकी अंग चांगलं असलं तरी. म्हणून ती पाटी लावताना पोट दाबून बघते, मऊ लागलं तर तो वाटा आधी विकते. मी हे तिला शेकडो वेळा करताना पाहिलंय. खाणं चालू असताना पकडलेल्या माशात विकर भरपूर स्रवलेले असतात, पोटाची भिंत आतून पचते आणि फुटते. मॅडमनी परवा जे सांगितलं तेच आई वीस वर्षं अंगठ्याने करतेय.

ही नोंद कामाच्या वहीत असावी की नाही याचा विचार केला. असावी.

१० सप्टेंबर

गणपतीची सुट्टी. प्रयोगशाळा बंद. वाचन चालू.

१९ सप्टेंबर

जिवंत चिलापी मिळाले, सहा. शेततळ्यातून पाण्याच्या पिंपात आणलेले. हा मासा मूळचा आफ्रिकेतला. मोझांबिक तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणला गेला आणि आता तळ्या-धरणांतून काढता येत नाही इतका पसरला आहे. प्रकल्पासाठी तो मारताना त्यामुळे मन थोडं कमी खातं, पण खातंच.

लवंगेचं तेल थोड्या अल्कोहोलात मिसळून पाण्यात टाकलं. मासा आधी कलंडतो, मग कल्ल्यांची उघडझाप मंदावते, थांबते. त्यानंतरही दहा मिनिटं ठेवलं, मग डोक्यामागे मज्जारज्जू कापला. घाई असली तरी हा वेळ कमी करायचा नाही असं मॅडमनी बजावलं होतं. वेगाने काम करायचं ते त्यानंतर.

पोट उघडण्यापासून शेवटचा तुकडा बुइनमध्ये पडेपर्यंत पहिल्या माशाला अकरा मिनिटं, सहाव्याला चार. आतडं इतकं लांब आणि गुंडाळलेलं की सोडवतानाच वेळ जातो. म्हणून नंतर सोडवणं सोडलं. आधी सिरिंजने आतड्याच्या पोकळीतच बुइन भरलं, मग सावकाश कापलं. अस्तर आतल्या बाजूला आहे, द्रावण आतूनच पोचायला हवं. हे आधी सुचायला हवं होतं.

२६ सप्टेंबर

आज दिवसभर डोळा मायक्रोस्कोपवरून हलला नाही. सगळं आहे. अगदी सगळं.

घसा. माशाला आपल्यासारख्या लाळग्रंथी नसतात. घास ओला करायचं काम इथलं अस्तर करतं. पेशींचे अनेक थर, आणि त्यांत फुगलेल्या, फिकट, पारदर्शक श्लेष्मपेशी इतक्या दाटीने बसल्या आहेत की मधल्या साध्या पेशी चेपल्या गेल्या आहेत. खाली जाड स्नायू, आणि त्यावर आडवे पट्टे स्पष्ट. म्हणजे हा ऐच्छिक स्नायू, पायाच्या स्नायूसारखा. नको असलेला घास मासा घशातून परत थुंकू शकतो तो याच्या जोरावर.

मग एका ठिकाणी हे अस्तर संपतं आणि जठराचं सुरू होतं. मधे संक्रमण वगैरे काही नाही. एका बाजूला श्लेष्मपेशींची गर्दी, आणि लगेच पलीकडे उंच, एकसारख्या, एकाच थरातल्या पेशींची शिस्तबद्ध रांग. ही सीमा ४०च्या लेन्सखाली पुढे-मागे पाच-सहा वेळा पाहिली. त्या रांगेत खळगे, आणि खळग्यांच्या तळाशी नळीसारख्या जठरग्रंथी. ग्रंथीतल्या पेशी इओसिनने दाणेदार गुलाबी रंगलेल्या.

या पेशींवर थांबायलाच हवं. माणसाच्या जठरात आम्ल करणाऱ्या पेशी वेगळ्या आणि पेप्सिनोजेन (पेप्सिनचं कच्चं रूप) करणाऱ्या वेगळ्या. माशात ही दोन्ही कामं एकच पेशी करते, ऑक्झिंटिकोपेप्टिक पेशी. त्यामुळे माशाच्या जठरग्रंथीत दोन रंगांची सरमिसळ दिसत नाही, एकाच छटेचा गालिचा दिसतो. पदवीच्या परीक्षेत मी माशाच्या जठरात दोन प्रकारच्या पेशी काढल्या होत्या आणि मला पूर्ण गुण मिळाले होते.

चिलापीचं जठर लहान पिशवीएवढं, पण त्यातलं आम्ल फार तीव्र. पीएच २च्याही खाली जातो. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या पेशीभित्तिका याच आम्लाने फुटतात. दाताने चावून किंवा दळून ज्या फुटत नाहीत त्या हा मासा आम्लाने फोडतो.

आतडं. भिंतीतून आत आलेल्या उंच घड्या. सस्तन प्राण्यांत असतात तशा बोटांसारख्या व्हिलाय म्हणाव्यात तर तसं नाही, छेदात तशा दिसल्या तरी प्रत्यक्षात त्या कडा आहेत, डोंगराच्या धारेसारख्या लांबत जाणाऱ्या. सस्तनांत तळाशी असतात त्या लिबरक्यूनच्या ग्रंथी नाहीत, त्यांतल्या पॅनेथ पेशीही नाहीत. नव्या पेशी घडीच्या पायथ्याशी तयार होतात आणि वर सरकत टोकाला येतात. पेशींच्या वरच्या काठावर ब्रश बॉर्डरची (अन्न शोषणाऱ्या सूक्ष्म केसाळ काठाची) गुलाबी रेघ, आणि मधूनमधून श्लेष्मा स्रवणाऱ्या गॉब्लेट पेशी, रिकाम्या पेल्यांसारख्या. मागच्या बाजूला जावं तशा त्या वाढत जातात.

आतड्याच्या मागच्या भागात केंद्रकाच्या वर फुगवटे दिसले. प्रथिनांचे मोठे रेणू न तोडता तसेच आत घेणाऱ्या पोकळ्या. पिल्लांत आणि जठर नसलेल्या माशांत त्या जास्त ठळक असतात. विभागाच्या जुन्या पेटीतली रोहूची स्लाइड काढून शेजारी लावली. रोहूला जठर नाहीच. घसा सरळ आतड्याच्या फुगीर भागात उघडतो. आम्ल नाही, पेप्सिन नाही, सगळं पचन अल्कधर्मी पाण्यात ट्रिप्सिनच्या जोरावर. कोणीतरी फार वर्षांपूर्वी फार काळजीने केलेली स्लाइड आहे ती. अस्तर पूर्ण शाबूत. लेबलवरचं नाव पुसलं गेलंय.

२८ सप्टेंबर

यकृताच्या छेदात, शिरेभोवती, जांभळ्या पेशींची कडी आणि त्यांत लाल दाणे. मला वाटलं दुसरा तुकडा चुकून याच ब्लॉकमध्ये आला. तसं नव्हतं. चिलापीत स्वादुपिंडाचा बराचसा भाग यकृतातच शिरलेला असतो, आतड्याकडून यकृतात रक्त आणणाऱ्या पोर्टल शिरांच्या वाटेने. उरलेला आतड्याभोवतीच्या चरबीत विखुरलेला. म्हणून माशाचं पोट उघडल्यावर स्वादुपिंड कुठे आहे ते बोट दाखवून सांगता येत नाही. लाल दाणे म्हणजे विकरांची कोठारं. आणि हीच कोठारं मेल्यावर आधी फुटतात.

४ ऑक्टोबर

बोंबील. यासाठी समुद्रात जाण्याशिवाय इलाज नव्हता. तो जिवंत आणून ठेवणं कुणालाच जमत नाही.

मामांच्या होडीवर रात्री तीनला निघालो. अमावस्या परवा झाली, उधाणाचे दिवस, पाण्याला ओढ जोरात. डोलीचं जाळं म्हणजे प्रवाहाच्या तोंडाशी बांधलेली मोठी निमुळती पिशवी. पाणी वाहत राहतं, मासे आपोआप शेवटच्या खोळ्यात साठतात. पाणी थंडावलं की जाळं वर ओढायचं. त्यामुळे मला हवा तेव्हा मासा मिळणार नव्हता, ओहोटी सरेल तेव्हा मिळणार होता. मामा म्हणाले, "तुझ्या घड्यालावर पानी थांबत नाय गो पोरी. सातला थांबल."

बुइनच्या बाटल्या दुहेरी डब्यात, भोवती चिंध्या कोंबून, त्यावर पट्टी. होडीत फॉर्मॅलिन सांडणं म्हणजे सगळ्यांच्या डोळ्यांची वाट आणि मामांचा सगळा माल वाया. खलाशांना आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी तांडेलाच्या (होडी चालवणाऱ्या प्रमुखाच्या) बाजूची कोरडी जागा मला दिली.

सातच्या सुमाराला खोळा सोडला. जवळा, मांदेली, करंदी आणि बोंबील, सगळा ढीग फळीवर. अर्धे बोंबील मेलेले होते. खोळ्यात कधी आले, कधी गुदमरले, सांगता येत नाही. मी फक्त कल्ले हलणारे निवडले. नऊ मिळाले. होडी हलत असताना लवंगेचं तेल, मज्जारज्जू, सिरिंज, कात्री. उजव्या हाताची दोन बोटं दातांनी सोलली. बोंबलाचे दात सुईसारखे आणि आत वळलेले आहेत, आत गेलेलं बाहेर येऊ नये म्हणून. वलांडीवर (मासे वाळवायच्या मांडवावर) वाळत घालताना याच दातांत दात अडकवून बायका त्यांच्या जोड्या टांगतात.

नऊपैकी सहांच्या जठरात जवळा ठासून भरलेला. एकात अख्खा लहान बोंबील, शेपटीकडून विरघळायला लागलेला.

सगळ्यांच्या बाटल्यांवर पेन्सिलीने वेळ लिहिली. शाई अल्कोहोलात जाते.

१० ऑक्टोबर

बोंबलाच्या अंगात जवळपास ९० टक्के पाणी. त्याचा तुकडा सरळ ७० टक्के अल्कोहोलात टाकला तर चुरगळतो असं पहिल्याच तुकड्यावर कळलं. बाकीचे ३०, ५०, मग ७० अशा पायऱ्यांनी नेले. दोन दिवस जास्त गेले.

नऊपैकी पाच माशांचं अस्तर चांगलं, दोघांचं घड्यांच्या टोकाला सुटलेलं, दोघांचं गेलेलं. गेलेले दोन्ही भरल्या पोटाचे. आईचं म्हणणं आठवलं, पण दोन माशांवरून काही सांगता येणार नाही, म्हणून तक्त्यात फक्त 'पोट भरलेलं / रिकामं' असा रकाना घातला.

चांगल्या पाचांत जठर असं आहे : भिंतीला खोल घड्या, रिकामं असताना आकसलेलं, भरल्यावर ताणणारं. ग्रंथी दाट, एकीला एक लागून. आतडं आखूड. चिलापीच्या आतड्याची गुंडाळी सोडवायला मिनिटं गेली होती, इथे सोडवायलाच काही नव्हतं. मांस पचायला सोपं, त्याला लांब रस्ता लागत नाही. सगळा भर सुरुवातीच्या पिशवीवर.

१८२२ मध्ये हॅमिल्टनने या माशाचं शास्त्रीय वर्णन केलं, तो गंगेच्या मुखाकडचा मासा होता. आपल्याला वाटतं बोंबील फक्त आपलाच.

१५ ऑक्टोबर

उकाडा. पॅराफिनच्या रिबन सुरकुततात, एकमेकींना चिकटतात. ब्लॉक बर्फावर ठेवून सकाळी आठच्या आत कापायचं ठरवलं.

२२ ऑक्टोबर

बोय. खाडीत पागाने (हाताने फेकायच्या जाळ्याने) पकडलेले, बादलीत जिवंत. डोळ्यांवर मेदाची पारदर्शक पापणी, म्हणजे म्युजिल सेफॅलस. जठराच्या टोकाशी दोनच सीका, तेही जुळलं.

या माशाचं जठर हातात घेतलं तेव्हाच वेगळं लागलं. मागचा भाग कवडीसारखा कठीण. कोंबडीच्या दाणे दळणाऱ्या पेटरीसारखा. छेदात पाहिलं तर गोल स्नायूचा थर इतका जाड की बाकी सगळं त्यात हरवतं, आणि आत जठरग्रंथी नाहीत. त्याऐवजी पेशींनी स्रवलेला कडक थर पसरलाय. ग्रंथी आहेत त्या पुढच्या भागात. म्हणजे पुढे रसायन, मागे जातं. दळायचे दगड मासा बाहेरून आणतो, चिखलाबरोबर गिळलेली वाळू.

त्या वाळूनेच घात केला. पहिल्या ब्लॉकला मायक्रोटोमची (छेद कापणाऱ्या यंत्राची) ब्लेड टेकवताच करकर आवाज आला. रिबनवर उभ्या चिरा, ब्लेडला तीन खाचा. बुइनमधल्या आम्लाने चुना विरघळतो, वाळू नाही. दुसऱ्या वेळी सलाइनने पोकळी धुऊन मग बुइन भरलं. धुण्यात दीड मिनिट जास्त गेलं, ते मी लिहून ठेवलं. कडक थराचा एक भाग धुण्याबरोबर निघून गेला असावा असं दोन स्लाइडवरून वाटतं. वाळूचे कण आतच ठेवून फक्त पुढच्या भागाचा ब्लॉक करायचा, मागच्या भागाचा वेगळा, असं ठरवलं.

आतडं फार लांब, जिलेबीसारखं वळसे घेतलेलं.

११ नोव्हेंबर

दिवाळीनंतर दुहेरी रंगवणी केली. आल्शियन ब्लू हा निळा रंग, पीएच २.५, आणि त्यावर पीएएस, श्लेष्मातल्या शर्करा किरमिजी करणारी रंगवणी. आम्लधर्मी श्लेष्मा निळा, उदासीन श्लेष्मा किरमिजी, दोन्ही असतील तिथे जांभळा.

हिमॅटॉक्सिलिनमध्ये रिकाम्या पेल्यांसारख्या दिसणाऱ्या पेशी आज भरल्या. घशात निळ्या-जांभळ्याची दाटी. जठराच्या पृष्ठभागावर एकसलग किरमिजी काठ, अगदी पेन्सिलीने ओढल्यासारखा. आम्लापासून जठर वाचवणारा उदासीन श्लेष्मा तो हाच. आतड्यात निळे ठिपके, मागे जावं तसे दाट. तिन्ही माशांत हा क्रम तोच. खाणं बदललं, जठर बदललं, लांबी बदलली, श्लेष्माचा हा क्रम बदलला नाही. प्रकल्पाच्या प्रश्नाला मिळालेलं हे उत्तर मला सगळ्यात जास्त आवडलं.

नळाच्या पाण्यात हिमॅटॉक्सिलिन पुरेसं निळं होत नव्हतं, लालसरच राहायचं. चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला, लगेच निळं.

१८ नोव्हेंबर

मॅडमना विचारून एक भाग वाढवला. पहिल्या बांगड्यांचं काय झालं होतं ते मला पायरीपायरीने बघायचं आहे. तीन चिलापी. आतड्याचे सारखे तुकडे. एक लगेच बुइनमध्ये, बाकीचे ओलसर झाकलेल्या ताटलीत खोलीच्या तापमानाला : अर्धा तास, एक, दोन, चार तास. तसाच दुसरा संच बर्फावर.

२७ नोव्हेंबर

रांगेने लावून पाहिल्या.

शून्य मिनिटं : सगळं जागच्या जागी.

अर्धा तास : घडीच्या टोकाशी अस्तर आणि खालची संयोजी ऊती यांच्यात बारीक पोकळी. पेशी अजून एकमेकींना धरून आहेत, खालची जमीन सुटली आहे. मला वाटलं होतं पेशी एकएक करून गळतील. तसं होत नाही, चादर निघावी तसं अस्तर एकत्र निघतं.

एक तास : टोकं उघडी. चादर पोकळीत. गॉब्लेट पेशी अजून ओळखू येतात.

दोन तास : चादरीचे तुकडे, केंद्रकं फिकी. घड्यांच्या पायथ्याशी मात्र पेशी आहेत. नव्या पेशी जिथे जन्मतात तो भाग शेवटी जातो.

चार तास : बोडके सांगाडे. ऑगस्टमधले बांगडे. स्नायू मात्र पाठ्यपुस्तकातल्यासारखे.

बर्फावरचा चार तासांचा तुकडा खोलीतल्या एका तासाच्या जवळ जातो. बर्फाने थांबत नाही, लांबतं.

आईला मोबाइलवर पाचही फोटो दाखवले. तिने तिसऱ्यावर बोट ठेवलं. "यो ताटात चालल," म्हणाली, आणि चौथ्यावर, "यो पन चालल, पोट काढून."

५ डिसेंबर

पेटी भरली. ८४ स्लाइड. तक्त्यात मासा, भाग, रंग याच्यापुढे एक रकाना आहे : मेल्यापासून बुइनमध्ये पडेपर्यंतची मिनिटं. चिलापी आणि बोय पूर्ण भरले. बोंबलाच्या नऊही ओळींत दोन आकडे आहेत. मज्जारज्जू कापल्यापासूनचा मला माहीत असलेला, आणि खोळा वर आल्यापासूनचा. त्याआधी पाण्यात किती वेळ गेला तो आकडा समुद्राकडे आहे, हे टीपेत लिहिलं.

बांगड्याच्या बारा स्लाइड टाकून द्यायच्या होत्या. त्या मालिकेच्या शेवटी, चार तासांच्या पुढे लावल्या. त्यांच्या रकान्यात रेघ मारली आहे.